संगणक मंद झाला? आधी घड्याळ हाती घ्या!



गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयाच्या एका मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या शाळेत बोलावून घेतले. शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक होते आणि सर्वांवर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. त्यांपैकी दोन पूर्ण बंद पडलेले होते. उरलेले आठ इतके मंद, की बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत अख्ख्या वर्गाची हजेरी घेऊन व्हायची. "सर, हे भंगारात काढावेत म्हणतो. तुम्ही एकदा पाहा आणि तसे लिहून द्या," मुख्याध्यापक म्हणाले. नव्या संगणकांसाठी पैसे मात्र शाळेकडे नव्हते. म्हणजे भंगारवाला येऊन गेला असता, तर कक्षात फक्त टेबले उरली असती.

मी तसे लिहून दिले नाही. का दिले नाही, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

कक्षात नववीची काही मुले होती. मी त्यांना विचारले, "संगणक मंद का चालतो?" उत्तरे भराभर आली. "व्हायरस आला असेल." "प्रोसेसर जुना झाला." "फाइली फार साठल्या." एक जण तर म्हणाला, "लिनक्सच मंद असते, सर." मी पुढचा प्रश्न विचारला, "मंद म्हणजे किती मंद?" आता मात्र सगळे गप्प! कारण कोणी मोजलेच नव्हते. अंगात ताप वाटला तर डॉक्टर आधी थर्मामीटर लावतात, मग औषध देतात. यंत्राच्या बाबतीत आपण आधी औषध देतो आणि गुण आला नाही की यंत्रच फेकून देतो.

मग आम्ही मनगटावरचे घड्याळ लावून मोजले. सुरू होण्यास ३ मिनिटे २० सेकंद. ब्राउझर उघडण्यास ४८ सेकंद. हे आकडे फळ्यावर लिहिले आणि मग विचारले, हा वेळ जातो कोठे?

येथे थोडे गणित करू या. या संगणकांत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती. तिची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती चकतीवर कोठेही असू शकते, म्हणून सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. वाचणारा दांडा योग्य जागी सरकण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद धरा. एकूण झाले १३. रॅममधून, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून, तेच काम साधारण १०० नॅनोसेकंदांत होते. भागाकार करा: १,३०,००० पट!

हा आकडा सहज डोळ्यांपुढे येत नाही. असे समजा, की टेबलावरचे पुस्तक उचलण्यास तुम्हांला १ सेकंद लागतो. ही झाली रॅम. त्याच हिशेबाने हार्ड डिस्कमधून पुस्तक आणण्यास सुमारे ३६ तास लागतील. आणि ज्यात फिरणारा भागच नसतो अशा एसएसडीमधून? तिला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम १७ मिनिटे.

आता रॅम अपुरी पडली तर काय होईल, ते तुमच्या ध्यानात आले असेल. टेबल भरले की काही पुस्तके डिस्कवरील एका राखीव जागेत ठेवावी लागतात. या जागेला 'स्वॅप' म्हणतात. थोड्या वेळाने तेच पुस्तक पुन्हा लागते, म्हणून दुसरे तिकडे ठेवून पहिले परत आणावे लागते. सारा वेळ या ने-आणीतच जातो. अशा वेळी प्रोसेसर थकलेला नसतो. तो नुसता वाट पाहत बसलेला असतो.

हे खरे की खोटे, ते कसे ओळखावे? लिनक्सची मला आवडणारी गोष्ट हीच. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स या हेलसिंकीतील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली पोटात काय चालले आहे ते विचारणाऱ्याला उघड सांगते. 'टॉप' ही आज्ञा द्या. तेथे 'डब्ल्यूए' या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे प्रोसेसरचा वाट पाहण्यात गेलेला वेळ, टक्क्यांत. 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा दिल्यास दर सेकंदाला एक ओळ उमटते. तिच्यातील 'एसआय' व 'एसओ' हे स्तंभ स्वॅपची ने-आण दाखवतात. ते सतत शून्याच्या वर असतील, तर रॅम अपुरी आहे असे समजा.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. 'फ्री' या आज्ञेने रॅम पाहिली, की मोकळी जागा फार थोडी दिसते आणि मुले घाबरतात. वस्तुतः लिनक्स रिकामी रॅम वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून एकदा आणलेली माहिती ती तेथे जपून ठेवते आणि गरज पडताच जागा मोकळी करून देते. म्हणून 'अव्हेलेबल' हा स्तंभ पाहावा. 'रॅम साफ करा' हा सल्ला ऐकून ती माहिती पुसून टाकली, तर संगणक काही काळ उलट अधिक मंद होतो!

आम्ही एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजले. प्रथम सर्व आठ संगणकांवर जड डेस्कटॉपऐवजी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवला. खर्च शून्य. सुरू होण्याचा वेळ अडीच मिनिटांवर आला. मग बंद पडलेल्या दोन संगणकांतील रॅम काढून दुसऱ्या दोघांत घातली, २ जीबीची ४ जीबी झाली. सुरू होण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला, परंतु ब्राउझरमध्ये चार पाने एकदम उघडली तरी यंत्र अडकेना. मग त्यांपैकी एकात नवी एसएसडी बसवली. तो ३५ सेकंदांत सुरू झाला! म्हणजे रोग दोन होते आणि औषधेही दोन. अंदाजाने चाललो असतो, तर हे कळले नसते. एका संगणकाची कथा तर निराळीच निघाली. त्याच्या पंख्यात धूळ दाटली होती. प्रोसेसर तापायचा आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करायचा. त्याला लागला फक्त एक ब्रश.

प्रोसेसर बदलला असता तर? १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला विचार येथे कामी येतो. समजा, १०० सेकंदांच्या कामात ८० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात. प्रोसेसर दुप्पट वेगवान केला, तर उरलेल्या २० चे १० होतील, म्हणजे एकूण ९० सेकंद. डिस्क दहापट वेगवान केली, तर ८० चे ८ होतील, म्हणजे एकूण २८. जेथे वेळ जातो, तेथेच हात घालावा.

शिक्षक बंधू-भगिनींनो, "अभ्यासक्रम सोडून हे कधी करायचे?" असे आपण म्हणाल. परंतु मापन, एका वेळी एकच घटक बदलणे, नोंद आणि निष्कर्ष, हाच तर विज्ञानाचा अभ्यासक्रम आहे! विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून चांगले चालणारे संगणकही अडगळीत जात आहेत. ते प्रयोगासाठी मागून घ्या. सगळेच वाचतील असे मी म्हणत नाही. आमचे दोन वाचले नाहीतच. परंतु मोजल्यावाचून एकही फेकू नये, एवढेच माझे म्हणणे.

मित्रहो, झाकण उघडताना वीजजोडणी काढा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी करून ठेवा आणि शिक्षकांना जवळ बोलवा. मात्र त्याआधी वहीत एक तक्ता आखा आणि पहिल्या रकान्यात घड्याळात पाहून आकडा लिहा. पुढचा रकाना काय भरायचा, ते तो आकडाच तुम्हांला सांगेल.