‘या देशाला मिलिटरीच पाहिजे’... नक्की?

गेल्या महिन्यात चेंबूरच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘मजबूत चलनासाठी मजबूत हुकूमत हवी’. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला ‘बाजूने’ आलं. तयारीला अर्धा तास, हातात मोबाईल. मी तीन पत्ते काढले. पोर्तुगालचा सालाझार, आपली आणीबाणी आणि दक्षिण कोरियाचा जनरल पार्क चुंग-ही. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, शेवटी ‘शिस्त’ हा शब्द चार वेळा घेतला. पहिलं बक्षीस मिळालं.

घरी ट्रॉफी बघून आजोबा जाम खूश. ‘‘मी हेच म्हणतो. या देशाला मिलिटरीच पाहिजे. आणीबाणीत बघायचं होतंस, गाड्या वेळेवर, भाव खाली!’’ स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, ‘‘अहो, आणि पंच्याहत्तरच्या दिवाळीला तुमचा बोनस किती आला होता, तेही सांगा की तिला.’’

आजोबा गप्प. मग म्हणाले, ‘‘अर्धा. अर्ध्याहून जरा कमीच.’’

स्पर्धेत परीक्षकांनी मला जो प्रश्न विचारायला हवा होता, तो आजीने विचारला. त्या रात्री मी माझेच पत्ते उलटे करून बघितले.

आधी एक कबुली. हा विषय आपल्या पिढीला जवळचा का वाटतो, ते मला कळतं. डॉलर ऐंशीच्या वर जाऊन बसलाय. माझ्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने एमएससाठी अर्ज केला, तेव्हा घरच्यांनी काढलेला खर्चाचा आकडा आणि कर्ज मंजूर होईपर्यंतचा आकडा, यात फरक पडला. फी तीच, कॉलेज तेच, फक्त रुपया घसरला. तिच्या बाबांनी पुन्हा कागद काढून हिशेब मांडला. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘एक खमका माणूस बसवा, रुपया कसा वर जातो बघा’, तर ते पटतं. राग आलेला असतो आणि उत्तर सोपं असतं.

आता पत्ता पहिला, सालाझार. पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ ला लष्कराने सत्ता घेतली. पैशाचा कारभार सेनाधिकाऱ्यांना जमेना, म्हणून १९२८ मध्ये त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं. त्याची अट एकच, माझ्या मंजुरीशिवाय कुठल्याही खात्याने पैसा खर्च करायचा नाही. पहिल्याच वर्षी तुटीचं बजेट शिलकीत आलं, एस्कुदो हे चलन स्थिरावलं. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि पुढे ३६ वर्षं खुर्चीवर राहिला. मी स्पर्धेत इथे थांबले आणि टाळ्या घेतल्या.

पण याच सालाझारच्या राज्यात आपला गोवा होता, हे मी बोललेच नाही. ‘पोर्तुगीजांच्या वेळी काय स्वस्ताई होती!’ हे वाक्य गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यात तथ्य आहे. १९५० च्या दशकात गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीला जात होतं. बाहेर गेलेले गोंयकार घरी पैसे पाठवत होते. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तरी गोव्याच्या बाजारात परदेशी घड्याळं, दारू, गाड्या मिळत होत्या. इकडे मुंबईत लोक रेशनच्या रांगेत उभे.

मग त्याच काळात गोव्यातली मुलं मुंबईत का येत होती? माझ्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचे आजोबा म्हापशाहून शिकायला इथे आले, ते इथलेच झाले. कारण सरळ आहे. वैद्यकीय शाळेसारखी एखाददुसरी संस्था सोडली, तर गोव्यात बीए, बीएससी करायला कॉलेज नव्हतं. ते आलं १९६२ मध्ये, मुक्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी. बाजारात स्विस घड्याळ मिळत होतं, पण पदवी मिळत नव्हती. लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना भाषण करू दिलं नाही, अटक केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ‘खनिजाचे पैसे जातात कुठे?’ असं गोव्यातल्या वर्तमानपत्राने विचारायचं ठरवलं असतं, तर ती ओळ छापलीच गेली नसती.

आणि खुद्द पोर्तुगालचं काय? १९७४ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा तिजोरीत ८०० टनांहून जास्त सोनं होतं. पण देश पश्चिम युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. १९५० मध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लाखो तरुण कामासाठी फ्रान्सला निघून गेले, कित्येक तर चोरवाटांनी. उरलेल्यांना आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धावर पाठवलं. चलन मजबूत होतं, तिजोरी भरलेली होती आणि वयाने आपल्याएवढी मुलं सरहद्द ओलांडून पळत होती.

पत्ता दुसरा, आणीबाणी. ते लष्करी राज्य नव्हतं, पण आपल्याकडे ‘शिस्त’ म्हटलं की तेच उदाहरण येतं. भाव खाली आले, हे आजोबांचं म्हणणं खरं आहे. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्या होत्या, पुढच्या वर्षी त्या चक्क थोड्या उतरल्या. प्रश्न आहे, कशामुळे? महागाईविरोधी कडक उपाय जुलै १९७४ मध्येच झाले होते. पगारवाढीची रक्कम सक्तीने ठेवीत टाकली, महागाई भत्त्याच्या वाढीतली निम्मी अडकवली, कंपन्यांच्या लाभांशावर बंधन घातलं, रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवला. आणीबाणी आली २५ जून १९७५ ला, म्हणजे जवळपास वर्षभराने. तोवर भाव उतरणीला लागले होते. त्यात १९७५ चा पाऊस चांगला झाला, धान्याचं विक्रमी पीक आलं. श्रेय मात्र पावसाला कुणी देत नाही, कारण पाऊस पोस्टर लावत नाही.

आणीबाणीने स्वतः काय केलं, तर सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. आजीला लक्षात राहिलेली दिवाळी ती हीच. एरवी यावर मुंबईत किती मोर्चे निघाले असते! पण संप करायचा तर नेते तुरुंगात, बातमी छापायची तर सेन्सॉर बसलेला. भाव खाली आल्याचं आजोबांना आठवतं, कारण ते सरकारने रोज सांगितलं. बोनस गेल्याचं ते विसरले, कारण ते बोलायची कुणाला मुभाच नव्हती. मी पत्रकारिता शिकतेय, त्यामुळे मला हे जास्त लागलं. सेन्सॉर बातमी तर दाबतोच, पण माणसाची स्वतःची आठवणसुद्धा पुसट करतो.

पत्ता तिसरा, दक्षिण कोरिया. हा माझा हुकमाचा एक्का होता. जनरल पार्कने १९६१ मध्ये सत्ता घेतली आणि गरीब देश कारखान्यांचा देश झाला. हे खोटं नाही. पण वाचत गेले तर काय सापडलं? पार्कच्या सरकारने १९६४ मध्ये आपलं चलन मुद्दाम पाडलं. डॉलरला १३० वॉन होते, ते २५५ च्या आसपास नेले. कोरियन माल जगाला स्वस्त पडावा, निर्यात वाढावी, म्हणून. म्हणजे ‘मजबूत हुकूमत, मजबूत चलन’ या विषयाच्या बाजूने मी जे सगळ्यात भारी उदाहरण दिलं, त्या हुकूमशहाने चलन जवळपास निम्म्यावर आणलं होतं! समोरच्या टीमने हे पकडलं असतं, तर माझी ट्रॉफी तिथेच गेली असती.

इथेच मला मूळ गोंधळ कळला. आपण चलनाला पैलवान समजतो, वर गेलं की जिंकलं. पण चलन ही किंमत आहे. रुपया महाग झाला की बाहेरून येणारं तेल, मोबाईल, परदेशातली फी स्वस्त पडते. त्याच वेळी इथून माल बाहेर पाठवणाऱ्याचं, हापूस निर्यात करणाऱ्या बागायतदाराचं, कपडे शिवून पाठवणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराचं नुकसान होतं. रुपया पडला की उलटं. कुणाचा तरी फायदा, कुणाचा तरी तोटा. म्हणून त्यावर भांडण व्हायलाच हवं. लष्करी राजवटीत ते भांडण मिटत नाही, एका बाजूचा आवाज बंद होतो एवढंच.

अर्जेंटिनात हे अगदी उघड दिसलं. १९७६ मध्ये सेनाधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. त्यांच्या अर्थमंत्र्याने पेसो इतका महाग ठेवला, की तिथला मध्यमवर्ग विमानाने मायामीला जाऊन खरेदी करू लागला. दुकानात जाऊन म्हणायचे, ‘दोन द्या’. तिथे आजही त्या काळाची ओळख म्हणून हे शब्द वापरतात. इकडे देशातले कारखाने स्वस्त आयातीपुढे बंद पडत होते आणि बोलणारी माणसं रात्रीतून गायब होत होती. १९८१ मध्ये पेसो कोसळला. सेनाधिकारी आले तेव्हा देशावर सुमारे ८ अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज होतं, १९८३ मध्ये गेले तेव्हा ते ४५ अब्जांच्या आसपास होतं. ‘दोन द्या’ म्हणणाऱ्यांचं बिल त्यांच्या मुलांनी भरलं.

आणि ब्रह्मदेश. टिळकांच्या मंडालेमुळे हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत. तिथे जनरल ने विनच्या राजवटीने ५ सप्टेंबर १९८७ ला २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका झटक्यात रद्द केल्या, बदलून देण्याची सोयही ठेवली नाही. पुढे ४५ आणि ९० च्या नव्या नोटा आल्या, नऊने भाग जाणाऱ्या. नऊ हा जनरलसाहेबांचा शुभ आकडा, असं सांगतात. लोकांच्या घरातली शिल्लक कागद झाली. पहिले रस्त्यावर उतरले ते रंगूनमधले विद्यार्थी. एका माणसाच्या लहरीला अडवणारं कुणी नसलं, की फीसाठी ठेवलेले पैसे असे जातात.

‘मग लोकशाहीत काय सगळं गोड आहे का?’ हा प्रश्न आजोबांनी विचारलाच. नाही. आपल्याकडे जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपया खाली आणला, डॉलर सुमारे २१ रुपयांवरून जवळपास २६ वर गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने मुंबईतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी तारण पाठवलं. सरकारला ते गुपचूप उरकायचं होतं. पण बातमी पेपरात आली, देश हादरला, संसदेत गदारोळ झाला. अल्पमतातल्या सरकारला २४ जुलैच्या बजेटमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून कारणं सांगावी लागली. लाजिरवाणं होतं? होय. पण आपलं सोनं कुठे चाललंय, हे आपल्याला कळलं.

याच्या शेजारी गोव्याची गोष्ट ठेवा. गोंयकारांनी पोर्तुगीजांच्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत दागिने गहाण ठेवले होते. १९६१ मध्ये मुक्तीच्या जरा आधी ते जहाजाने लिस्बनला गेले. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. परत आले ते १९९१ मध्ये. तीस वर्षांत ज्या बायकांचे ते दागिने होते, त्यांतल्या कितीतरी जणी ते बघायला उरल्याही नसतील. स्वस्ताईच्या आठवणी सांगताना या बांगड्यांची आठवण कुणी काढत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कट्ट्यावर किंवा फॅमिली ग्रुपवर ‘मिलिटरी आणा, रुपया सुधारेल’ असं कुणी टाकलं, तर लगेच भांडू नका. मीही आजोबांशी भांडले नाही. फक्त विचारा, रुपया सुधारताना कुणाचा बोनस कापला जाणार? आणि तो कापला, हे आपल्याला सांगणार कोण? आपल्या सीमेवरचे जवान त्यांचं काम चोख करतात. बजेट मांडणं आणि त्यावरच्या शिव्या ऐकून घेणं, हे काम त्यांच्यावर ढकलायचं कारण नाही.

मैत्रिणीच्या कर्जाचा प्रश्न यातून सुटला का? नाही. तिचे बाबा अजून हिशेब करतायत, आणि रुपया का घसरतोय हे सरकारला रोज विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ते विचारतातही, मोठ्या आवाजात, गॅलरीत उभं राहून.

आजोबांनी काल जेवताना विचारलं, ‘‘पुढची स्पर्धा कधी आहे गं?’’ म्हटलं, ‘‘पुढच्या महिन्यात. या वेळी विरोधात बोलायचंय.’’ ते जरा थांबले. म्हणाले, ‘‘माझ्या बोनसचं सांग हवं तर.’’ आजीने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

ट्रॉफी परत करायची काही सोय नसते. म्हणून हा लेख.