चावडीवरची नोटीस इंदुरात कोण वाचणार?

मंडळी, या वेळचा विषय जरा रुक्ष आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो कपाटातल्या एखाद्या कापडी पिशवीत पडून असतो. आजोबा नोकरीसाठी इंदूरला आले, गावाकडची दोन-अडीच एकर तिकडेच राहिली आणि कागद पिशवीत गेले.

आमची पिशवी गेल्या वर्षी उघडली, तीही धुळ्याकडच्या चुलतकाकांचा फोन आला म्हणून. "अरे, तुझ्या पणजोबांच्या गटावर वारस नोंद धरलीय. तुमचं नाव नाही त्यात. चावडीवर नोटीस लागलीय, पाहिलीस का?" आता इंदुरात बसून चावडी कशी पाहायची! नोंद द्यायला गेलेला परका नव्हता, भाऊबंदच होता. त्याने आम्हाला विसरून सोडलं की जाणून, ते अजून ठरायचं आहे.

रीत अशी आहे. फेरफार नोंद धरली की तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो, चावडीवर एक प्रत लावतो आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. आमचा पत्ताच दप्तरात नाही, मग नोटीस येणार कुठून? पण महाराष्ट्र शासनाच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. पैसे लागत नाहीत. आमचे चार दिवस उरले होते.

एक गोष्ट मात्र आधी शोधून ठेवा. जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर असतो आणि जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावांत नोटिशीत गट नंबर येतो. दोन्ही जुळवायला आम्हाला एक अख्खी रात्र लागली. आमच्या चिरंजीवांना मोडी सोडाच, 'मौजे' म्हणजे काय तेही सांगावं लागलं. (मौजे म्हणजे गाव. मौजमजेशी संबंध नाही.)

जमीन सरकारला हवी असेल तर वाट वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत (त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं), ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये आणि संकेतस्थळावर लावावी लागते. हरकतीला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्गाला १९५६ चा कायदा लागतो आणि तिथे अवघे २१ दिवस. ती दैनिकं त्या भागात खपणारी असतात, आपल्या दारात पडणारी नव्हेत. म्हणून गावात एक तरी माणूस फोन करणारा हवा. आमचे काका नसते तर नोंद मंजूर झाली असती आणि मग प्रांताकडे ६० दिवसांत अपील करत बसावं लागलं असतं.

हरकत लेखी दिली, पोच घेतली. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. आई सध्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला शोधते आहे.