आधी माणूस ठरवा, मग चित्र काढा

ॲनिमेशन शिकणाऱ्या कुठल्याही मित्राचा मोबाईल बघा. गॅलरीत दहा-बारा कॅरॅक्टर्स सहज सापडतील. उभे केस, मोठे डोळे, भारी जॅकेट. आता त्याला विचारा, 'हा घाबरतो कशाला?' बऱ्याचदा उत्तर येतं, 'ते अजून ठरलं नाही बे!'

माझं म्हणणं, तेच आधी ठरायला हवं. त्यासाठी जी वही लिहितात, तिला ॲनिमेशनवाले 'कॅरॅक्टर बायबल' म्हणतात. पात्र समोरून, बाजूनं, मागून कसं दिसतं, इतरांशेजारी किती उंच वाटतं, हे त्यात असतंच. पण ते बोलतं कसं, त्याला काय हवंय आणि काहीही झालं तरी ते काय करणार नाही, हेही असतं. मालिकेवर अनेक लेखक आणि अनेक चित्रकार काम करतात. वही नसेल तर तिसऱ्या भागातला भित्रा पोरगा सातव्या भागात उगाचच शूर होतो. लहान मुलं अशी चूक लगेच पकडतात.

मराठीत बघायचं तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत अंग, सायकल, नको तिथे नाक खुपसायची खोड आणि तोंडातून निघणारं 'ट्टॉक'. पुस्तकातला हा शाळकरी पोरगा दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन झाला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ झाला. वय बदललं, काळ बदलला, तरी तो ओळखू आला. कारण माणूस पक्का होता.

आता आपल्या सोलापूरकडे या. इथली मालिका करायची म्हटलं की आपण काय करतो? पात्राच्या खांद्यावर चादर, ताटात शेंगाचटणी आणि कडक भाकरी, मागे सिद्धेश्वर मंदिर. झालं सोलापूर! पण हे नुसते शिक्के आहेत, माणूस नाही.

समजा, पूर्व भागातली दहा वर्षांची एक मुलगी आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. मग वहीत लिहा: ती भांडते कुठल्या भाषेत? आईशी खोटं बोलताना कुठल्या? घराशेजारी यंत्रमाग, म्हणून तिला मोठ्यानं बोलायची सवय. लाईट गेली आणि माग थांबले की तिला करमत नाही. बघा, चादर न दाखवताही सोलापूर आलं. आणि एक जपा. तिच्या मराठीवर हसायला लावू नका, ती ज्यावर हसते ते दाखवा.

वही जमली का, हे तपासणं सोपं आहे. सगळ्या पात्रांची बस चुकवा आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य लिहा. नावं झाकून मित्राला वाचायला द्या. कोण बोललं ते ओळखता आलं नाही, तर सगळ्यांच्या तोंडून तुम्हीच बोलताय.

चित्र आता एआयही मिनिटात काढून देतं. पण ही मुलगी लाईट गेल्यावर गप्प का होते, हे त्याला तुम्हीच सांगणार. म्हणून मराठी, तेलुगू, कन्नड शिकणाऱ्यांनो, 'आम्हाला ड्रॉइंग येत नाही' म्हणून मागे राहू नका. चित्रकार मित्र गाठा आणि वही उघडा. इथली पोरं रोज ढोलकपूर बघतात. त्यांना आपली गल्लीही पडद्यावर दिसू द्या.