भोंगा थांबला, गाडी तरी वेळेवर यावी

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात शाहू मिलचा पाया घातला. तिच्या भोंग्यावर कित्येक घरांचा दिवस उगवे. 2003 मध्ये मिल बंद पडली. त्या जागेवर महाराजांचे स्मारक करण्याचे ठरूनही वर्षे लोटली. स्मारक व्हावेच, पण 1902 साली ज्यांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्यांचे स्मारक नुसती बाग आणि पुतळा असू नये, असे आम्हांस वाटते. तिथे आमच्या मुलामुलींना हातचे काम शिकवणारी शाळा हवी.

दुसरा प्रश्न रेल्वेचा. 1891 पासून कोल्हापूर-मिरज गाडी धावते. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूरहून कामाला येणाऱ्यांना पॅसेंजरचाच आधार. मार्ग मात्र एकेरी. समोरून एक्सप्रेस आली की पॅसेंजर बाजूला उभी. उशीर गाडीचा, खाडा मजुराचा! 2016 मध्ये कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर झाला. कोकण जरूर जोडा. पण रोजच्या मार्गाची दुसरी लाइनही टाका.

बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी वस्तीच्या बैठकीत हे दोन्ही विषय घ्या. अर्ज करा, सह्या करा. शहर नवे होताना आपण बघे राहू नये.