विमानाची छत्री आणि वेगाचा वर्ग

आकाशातून उडी घेणाऱ्यास हवाईछत्री का लागते, हे लहान मुलासही कळते. परंतु जे यान सुखरूप जमिनीस टेकले, त्याच्या पाठीमागे छत्री कशास उघडावी, असे घरातील चौकस मुलांनी विचारल्यास वडीलधाऱ्यांस उत्तर देता यावे, म्हणून आम्ही हा विषय घेत आहो.

अमेरिकेची 'स्पेस शटल' याने इंजिनाच्या साहाय्याविना, घारीप्रमाणे तरंगत उतरत. टेकताना त्यांचा वेग ताशी सुमारे ३५० किलोमीटर असे. १९८५ च्या एप्रिलात 'डिस्कव्हरी' फ्लॉरिडात उतरत असता ब्रेकांवर फार ताण पडून एक टायर फुटला. पुढे ब्रेक सुधारण्यात आले, आणि १९९२ च्या मे महिन्यात 'एन्डेव्हर' यानाने शेपटीच्या मुळाशी बसविलेली सुमारे १२ मीटर व्यासाची छत्री प्रथम उघडली. शटलची अखेरची फेरी २०११ साली झाली.

ह्या युक्तीचे मर्म असे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. म्हणून वेग प्रचंड असता छत्री प्रबळ असते, आणि तो ओसरला की तीही दुबळी होते. चाकांच्या ब्रेकांचे नेमके उलट. भर वेगात ते तापून निकामी होण्याचे भय, मंद गतीत मात्र ते चोख काम देतात. यास्तव आधी छत्री, मग ब्रेक, असा क्रम ठेवितात.

आपल्या 'इस्रो'चे मानवरहित चाचणीयान 'पुष्पक' २३ जून २०२४ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गाजवळ उतरले, तेव्हा त्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरांहून अधिक होता. छत्रीने तो १०० च्या आसपास आणिला, व नंतर ब्रेक लाविले. गतीची ऊर्जाही वेगाच्या वर्गाप्रमाणे असते. मुलांनी ३२० व १०० यांचे वर्ग मांडून पाहावे. ब्रेकांच्या वाट्यास जेमतेम एक दशांश ऊर्जा उरली, असे दिसेल.

हाच वर्ग घरच्या मोटारसायकलीसही चुकत नाही. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लाविल्यावर थांबण्यास अंतर चौपट लागते. घरातील तरुणांस आमचे इतकेच सांगणे, की यानाच्या पाठीशी छत्री असते आणि पुढे मोकळी धावपट्टी असते; आपल्या रस्त्यावर यांपैकी काहीच नसते.