एकसष्टावा दिवस

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या ४५व्या कलमाने नागरिकाला एक मोलाचा हक्क दिला आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जावरील निर्णय नगरपालिकेने वा महापालिकेने ६० दिवसांत कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. दप्तरदिरंगाईवर इतका जालीम उपाय क्वचितच कुठल्या कायद्यात असेल. तरीही महिनोन् महिने टेबलावर पडून राहणारे अर्ज हा शहरोशहरीचा अनुभव आहे.

याचे कारण त्याच कलमात दडले आहे. कचेरीने खुलासा मागितला की तो पोहोचल्याच्या दिवसापासून ६० दिवस नव्याने मोजले जातात. पन्नासाव्या दिवशी सात-बाराची ताजी प्रत मागावी, ती आली की मोजणीचा नकाशा मागावा. एकसष्टावा दिवस उगवतच नाही. शिवाय मानीव परवानगी लाभते ती नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या आराखड्यालाच. तो जुळत नाही असे मागाहून ठरले, की उभे राहिलेले घर अनधिकृत! पत्रे काढून स्लॅब टाकू पाहणाऱ्या हमालाने ही जोखीम कशी पत्करावी? त्याच्या कर्जासाठी बँकेलाही मंजूर नकाशाच हवा असतो.

बिल्डराची गोष्ट निराळी. त्याचा माणूस कचेरीत रोजचाच, आणि विलंबाचे व्याज तो सदनिकेच्या किमतीवर चढवून मोकळा होतो. हमालाला मात्र भाड्याच्या खोलीत आणखी एक पावसाळा काढावा लागतो, नाहीतर ‘चहापाणी’ द्यावे लागते, नाहीतर परवानगीवाचूनच भिंती उभाराव्या लागतात. पुढे सरकार उदार होते. गुंठेवारी नियमित करणारा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. गुंठेवारीचे मूळ जमिनीच्या बेकायदा तुकड्यांत आहे हे खरे. पण वेळेवर मिळणारी परवानगी गरिबाच्या आवाक्यात असती, तर हा पसारा इतका वाढता ना.

यावर परवानगीच नको, असा उपाय काही मंडळी सुचवितात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना दिलेली सवलत स्वागतार्हच आहे. तिचे बोट धरून मोठ्या इमारतींचीही छाननी सैल करू पाहणे हा मात्र निव्वळ नफेखोरीचा युक्तिवाद होय. छाननी हवीच, ती करणारी मंजूर पदे रिकामी ठेवणे थांबले पाहिजे. जाब विचारणारे नगरसेवकही हवेत. २०२२ पासून राज्यातील कित्येक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा कचेरीला विचारणारे सभागृहच उरले नव्हते.

वॉर्डातील कार्यकर्त्यांनी अर्जदाराच्या हाती तारखेची पोच आहे ना, हे आधी पाहावे. प्रत्येक त्रुटी लेखी मागवावी व तिचे उत्तरही लेखीच द्यावे. मुदत टळताच माहितीच्या अधिकारात फाईलीचा प्रवास मागवावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवांच्या मुदती कचेरीत फलकावर लावाव्याच लागतात, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परवानगी नाकारली गेली तर ४७व्या कलमान्वये ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. ही मुदत पुष्कळदा अज्ञानापोटी हुकते.

मूळ कलमात दुरुस्तीही मागितली पाहिजे: सर्व त्रुटी पहिल्या १५ दिवसांत एकदाच कळवाव्यात, नंतर काढलेल्या त्रुटीने मुदत वाढू नये.