क्रमांक कोणी लावावा?

जाम नदीच्या काठी वाढलेल्या माणसास दोन पक्ष म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचे झाड रोविले जाते, त्याच्या शेंड्यास झेंडा बांधतात. एका तीरावर सावरगाव, दुसऱ्या तीरावर पांढुर्णा. गोटमारीचे गुणगान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत, आणि सरकारने दगडांऐवजी रबरी चेंडू पुढे करून पाहिले तरी लोकांच्या हातचा दगड काही सुटला नाही. मात्र एवढे खरे की, झेंडा कोणाच्या हाती लागला ते दोन्ही तीरांवरील लोकांस डोळ्यांनी दिसते. त्यासाठी समिती बसवावी लागत नाही.

हे आठवले ते फुटबॉलमुळे. आमच्याकडील तरुण मंडळी रात्ररात्र जागून परदेशचे सामने पाहतात आणि सकाळी कोणता संघ कितवा यावर हमरीतुमरीवर येतात. आम्हीही या व्यसनातून मुक्त नाही. तेव्हा हे क्रमांक लावतो तरी कोण, याविषयी आमची मते एकदा मांडावी म्हणतो.

राष्ट्रांच्या संघांची क्रमवारी फिफा ही जागतिक संस्था 1992 पासून लाविते. 2018 मध्ये तिने हिशेबाची रीत बदलली. आता प्रत्येक सामन्यानंतर जिंकणाऱ्याच्या खात्यात गुण पडतात आणि हरणाऱ्याच्या खात्यातून जातात. बलाढ्यास हरविले तर पुष्कळ गुण, दुबळ्यास हरविले तर थोडेच. शिवाय सामन्याचे वजन निरनिराळे : मैत्रीच्या सामन्यास 10 किंवा त्याहूनही कमी, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यास 25, आणि प्रत्यक्ष विश्वचषकात 50 ते 60. सावकाराच्या वहीसारखा हा रोकडा हिशेब आहे. त्यात कोणाची भीड नाही.

या वहीत भारताची कथा फारशी सुखाची नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये आपण 94 व्या स्थानी होतो. त्याहून वर आजवर गेलो नाही. मार्च 2015 मध्ये 173 व्या स्थानी घसरलो, आणि त्यास हरण्याइतकेच, त्याआधी फारच थोडे सामने खेळलो हेही कारण होते. जो शाळेतच जात नाही त्यास गुण कोठून मिळणार? जुलै 2023 मध्ये पुन्हा 99 वर आलो तेव्हा आनंदीआनंद झाला. पण पुढे सहाच महिन्यांनी आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिघांशीही हरलो, तेही एकही गोल न करिता, आणि क्रमांक 117 झाला. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, म्हणजे आपल्याच अंगणात, सिंगापूरने 2-1 असे हरविले आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. वहीवर रागावून काय उपयोग? वही खरेच सांगत होती.

तरीही निव्वळ आकड्यावर विसंबणारा माणूस फसतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, हे आपण अभिमानाने मुलांस सांगतो, आणि सांगावेच. आशियातील कोणताही देश त्यापूर्वी उपांत्य फेरीपर्यंत गेला नव्हता. नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, सामना 4-2 असा जिंकिला. परंतु पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ न आल्याने आपणांस पुढे चाल मिळाली होती, आणि ऑस्ट्रेलियानंतर युगोस्लाव्हियाशी 4-1 व बल्गेरियाशी 3-0 असे आपण हरलो. म्हणजे हा चौथा क्रमांक एका विजयावर मिळाला. उलट 1962 च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाशी पहिलाच सामना 2-0 असा गमाविला, पण अंतिम सामन्यात त्याच कोरियास 2-1 असे हरवून सुवर्णपदक घेतले. विरोधात ओरडणारा लाखभर लोकांचा समुदाय, डोक्यास पट्टी बांधून खेळणारे जर्नेल सिंग, आणि दोन गोलांपैकी एक त्यांचाच! आमच्या मते भारतीय फुटबॉलची मोजदाद मेलबर्नपासून न करिता जाकार्तापासून करावी. ज्यास येथे मतभेद असेल त्याने खुशाल असावे.

वहीचा हिशेब सोडून मतांनी क्रमांक लावू लागले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील महाविद्यालयांकडे वळावे. तेथे ज्यास फुटबॉल म्हणतात तो पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळतात. पण त्याचे वेड असे की, एकेका महाविद्यालयाच्या मैदानात लाखभर माणसे बसतात. महाविद्यालये शेकडो, सामने वर्षाकाठी प्रत्येकाचे बाराच्या आसपास, तेव्हा सर्वांशी सर्व कसे खेळणार? म्हणून 1936 पासून वृत्तपत्रांचे बातमीदार दर आठवड्यास मते देऊन पहिले अमुक, दुसरे तमुक असे ठरवू लागले. अलीकडे हे काम तेरा जणांच्या समितीकडे आहे. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठाने तेराच्या तेरा सामने जिंकले. तरी समितीने त्यास पाचवे ठेविले, आणि निर्णायक फेरीत जागा चारच! कारण सांगितले ते असे की, संघाचा मुख्य खेळाडू जखमी झाल्याने आता तो संघ पूर्वीसारखा राहिला नाही. न झालेल्या सामन्यात तुम्ही हरला असता, म्हणून झालेल्या तेरा विजयांचे मोल कमी, असा हा न्याय होय.

पुढे जागा बारा झाल्या, तरी कुरकुर थांबली नाही. इंडियाना राज्यातील नोत्र दाम हे विद्यापीठ होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी 1842 मध्ये स्थापिले; जगभरच्या कॅथलिक घरांत त्याच्या संघाविषयी आपुलकी आहे आणि आमचाही कल तिकडेच. 2025 च्या हंगामात या संघाने दहा सामने जिंकले, दोन गमाविले. मायामी विद्यापीठाचेही तेच. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नाही. तरीही आदल्या यादीत वर असलेला नोत्र दाम नव्या यादीत मायामीच्या खाली गेला आणि अकराव्या क्रमांकावर बाहेर राहिला. काही जागा विभागीय विजेत्यांसाठी राखीव असल्याने अकरावा असूनही बारांत समावेश नाही. रागाने त्या संघाने वर्षअखेरचा दुसरा कोणताही सामना खेळण्याचे नाकारिले.

आता आमचे मत. ऑगस्टमध्ये हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा मायामीने 27-24 असे हरविले होते. गुण सारखे असता ज्याने प्रत्यक्ष हरविले तो वर, हे गल्लीतील पोरांसही ठाऊक असते. तेव्हा मायामी वर गेला हे योग्यच झाले. पण मग महिनाभर त्यास खाली का ठेविले? चुकीचा क्रमांक आठवड्यामागून आठवडे मिरवावयाचा आणि शेवटच्या दिवशी दुरुस्त करावयाचा, ही रीत खेळाडूंच्या जिव्हारी लागते. आणि रुसून घरी बसणे हेही आम्हांस आवडले नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलांचा एक सामना त्यात बुडाला.

असल्या गोष्टी केवळ अमेरिकेतच घडतात असे कोणी समजू नये. आपल्या गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ 2009 व 2013 मध्ये आय-लीगचा अजिंक्य ठरला होता. 6 एप्रिल 2025 रोजी हंगाम संपला तेव्हा तक्त्यात त्याचे 40 गुण होते आणि इंटर काशीचे 39. जानेवारीत नामधारी संघाने काशीस हरविले, परंतु निलंबित असावयास हवा होता असा खेळाडू त्या सामन्यात खेळविला. भारतीय महासंघाच्या एका समितीने ते गुण काशीस दिले, वरच्या समितीने काढून घेतले, आणि एप्रिलमध्ये चर्चिलच्या नावाची घोषणा झाली. काशीच्याही एका परदेशी खेळाडूच्या नोंदणीचा वाद त्यातच गुंतला. शेवटी 18 जुलै रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाने काशीस विजेते ठरविले. वरच्या लीगमध्ये जाण्याचा मानही त्याच विजयास जोडलेला होता.

आमचे मन गोव्याकडे ओढ घेते. पण नियम मोडून मिळविलेला विजय विजय नव्हे, म्हणून लवादाचा निकाल आम्हांस पटतो. पटत नाही तो विलंब. जानेवारीतील एका सामन्याचा निवाडा जुलैत! तोपर्यंत सासष्टीच्या गावांत आनंदोत्सव होऊन गेले. आठ दिवसांत निकाल लागता, तर उरलेले सामने दोन्ही संघ आपापली खरी स्थिती जाणून खेळले असते. चर्चिलच्या खेळाडूंचा यात कोणताच अपराध नव्हता, आणि अधिकात अधिक दुःख त्यांच्याच वाट्यास आले.

आपल्याकडील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये निदान मतदान नाही. पांढुर्णा-सौंसरकडील विद्यार्थी छिंदवाड्याच्या विद्यापीठातर्फे पश्चिम विभागात खेळतो; विभागातून वर आलेले संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. हरला तो घरी, जिंकला तो पुढे. यात दोष आहे तो असा की, पहिल्याच फेरीत बलाढ्य संघाशी गाठ पडली तर वर्षाचा सराव नव्वद मिनिटांत संपतो, आणि तो मुलगा वाईट खेळला की चांगला, याची नोंद कोठेच राहत नाही. आमच्या मते प्रत्येक संघास किमान तीन सामने मिळतील अशी गटवार योजना हवी. खर्च वाढेल, हे खरे. पण रेल्वेने रात्रभर प्रवास करून गेलेला संघ एक सामना खेळून परततो, तो खर्च तरी कोणत्या सदरात मांडावयाचा?

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात मोडक्या बादलीशी फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली, आणि त्यांच्यासाठी प्रथम सामने भरविले. क्रमांक, चषक, पुढे निघालेला चित्रपट, हे सारे नंतरचे. तेव्हा वाचकांपैकी ज्यांचा मुलगा वा मुलगी यंदा शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या संघात आहे, त्यांनी संघ कितवा आला हे न कळविता, किती सामने खेळावयास मिळाले एवढे एका पत्राने आम्हांस कळवावे. त्या आकड्यांचा तक्ता आम्ही याच सदरात देऊ.